एरर १५ व्या ओळीची, चूक १४ व्या ओळीत

सिंटॅक्स एररसोबत येणारा ओळीचा क्रमांक म्हणजे चूक असलेल्या जागेचा पत्ता, हा वेब अॅप्लिकेशन लिहिणाऱ्यांमधला सर्वांत रुजलेला गैरसमज आहे. तो क्रमांक पार्सर जिथे अडला त्या जागेचा असतो. पीएचपीत १४ व्या ओळीच्या शेवटी सेमीकोलन राहिला, तर पार्सर विधान अजून संपलेले नाही असे धरून पुढे वाचतो, कारण त्याच्या लेखी नवी ओळ म्हणजे नुसती मोकळी जागा. १५ व्या ओळीवरचे व्हेरिएबल समोर आले की वाक्यरचना जुळत नाही आणि तक्रार १५ व्या ओळीच्या नावावर लागते. महिरपी कंस बंद करायचा राहिला तर हे अंतर शेकडो ओळींचेही होते; जुन्या पीएचपीत अशा वेळी ‘अनएक्स्पेक्टेड एंड ऑफ फाइल’ एवढेच सांगून थेट शेवटची ओळ दाखवली जाई. पीएचपी ८ (२०२०) आणि पायथॉन ३.१० (२०२१) यांपासून कोणता कंस उघडा राहिला तेही कळते. तरीही शोध दाखवलेल्या ओळीपासून वरच्या दिशेने घेणेच शहाणपणाचे.

एरर आली म्हणजे त्या फाइलमध्ये चूक असणारच, हेही खरे नाही. ब्राउझरच्या कंसोलमध्ये ‘अनएक्स्पेक्टेड टोकन <’ दिसते, ओळ पहिली. फाइल उघडून पाहावी तर पहिल्या ओळीत ते चिन्हच नाही! बहुतेक वेळा इथे जावास्क्रिप्ट फाइलचा मार्ग चुकलेला असतो आणि सर्व्हरने तिच्याऐवजी एचटीएमएल पान पाठवलेले असते. ब्राउझर त्या पानाच्या पहिल्याच चिन्हावर अडखळतो. सिंगल पेज अॅप्लिकेशनमध्ये हा घोटाळा जास्त फसवा ठरतो, कारण अनोळखी पत्त्यावरही मुख्य पान ‘२००’ या यशाच्या खुणेसह परत येते. अशा वेळी कोड चाळण्यात अर्थ नाही. नेटवर्क टॅबमध्ये त्या फाइलचा रिस्पॉन्स पाहिला की उलगडा होतो.

चूक छोटी तर परिणामही छोटा, असे मानले जाते. जावास्क्रिप्टची फाइल आधी पूर्ण वाचली जाते, मग चालवली जाते. त्यामुळे तळाशी एक कंस कमी असला तरी वरची एकही ओळ चालत नाही. पानावरच्या बाकीच्या स्क्रिप्ट मात्र चालू राहतात. पीएचपीत पान कोरे येते तेव्हा अनेकजण त्याच फाइलच्या डोक्यावर एरर दाखवण्याची सूचना लिहितात. ती निरुपयोगी, कारण फाइल कंपाइलच न झाल्याने ती सूचनाही अमलात येत नाही. सेटिंग पीएचपीच्या आयएनआय फाइलमध्ये बदलावे, किंवा सर्व्हरचा एरर लॉग पाहावा. सीएसएस याच्या उलट: सेमीकोलन राहिला तर पुढची सूचना गिळली जाते आणि तक्रार अशी पानावर कुठेच दिसत नाही.

जावास्क्रिप्टमध्ये सेमीकोलन ऐच्छिक आहे, हे अर्धसत्य. भाषा तो काही ठिकाणी आपणहून धरते, पण पुढची ओळ गोल कंसाने सुरू झाली तर दोन्ही ओळी जोडून वाचते. ‘रिटर्न’ लिहून एंटर दाबला आणि किंमत खालच्या ओळीवर दिली, तर सेमीकोलन ‘रिटर्न’नंतर धरला जातो आणि फंक्शन ‘अनडिफाइन्ड’ परत करते, तेही कसलीच एरर न देता.

दिसायला सारखे ते सारखेच, या समजुतीने तर तास जातात. वर्डमधून चिकटवलेल्या कोडमधली वळणदार अवतरणचिन्हे जावास्क्रिप्टला चालत नाहीत. मराठी कळफलक चालू राहून देवनागरी आकडा टंकला गेला, तर तोही संख्या म्हणून वाचला जात नाही. गंमत म्हणजे व्हेरिएबलचे नाव देवनागरीत चालते, आणि त्यात अदृश्य जोडचिन्हही चालते. मग हुबेहूब दिसणारी दोन नावे वेगळी ठरतात. ही एरर मात्र सिंटॅक्सची नसते, कोड चालताना येते.

सिंटॅक्स बरोबर म्हणजे कोड बरोबर, असेही नाही. अटीत तुलनेच्या तीन बरोबर-चिन्हांऐवजी एकच पडले, तर पार्सरच्या दृष्टीने ते निर्दोष विधान असते: तुलना होत नाही, व्हेरिएबलची किंमतच बदलते.