अल्टरनेटर बदलण्यापूर्वी
पूर्ण चार्ज झालेल्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर इंजिन बंद असताना सुमारे १२.६ व्होल्ट विद्युतदाब मिळतो आणि इंजिन सुरू होताच, पट्ट्यावर फिरून वीज निर्माण करणारा अल्टरनेटर ठीक असल्यास, तो साधारणतः १३.८ ते १४.५ व्होल्टपर्यंत चढतो. तो चढत नसल्यास प्रथम सैल पट्टा, गंजलेले टर्मिनल आणि इंजिनची अर्थिंगची तार तपासावी. अनेक जुन्या मोटारींत अल्टरनेटरमधील चुंबकत्व जागवणारा आरंभीचा प्रवाह डॅशबोर्डवरील बॅटरीच्या दिव्यातून जातो. त्यामुळे चावी फिरवल्यावर हा दिवा लागतच नसेल, तर केवळ जळालेल्या बल्बमुळेही चार्जिंग थांबू शकते. चालू इंजिनवर बॅटरीची तार काढून परीक्षा घेणे कटाक्षाने टाळावे, कारण विद्युतदाबाच्या उसळीने प्रवाह एकाच दिशेने वाहू देणारे डायोड जळू शकतात.