भिंतीवरचा चार्जर, दूरची बुद्धी
विजेच्या मोटारीचा चार्जर भिंतीवर असतो; त्याची बुद्धी मात्र कित्येकदा दूरच्या संगणकात वसते. त्या संगणकाच्या धन्यानेच दुकान आवरले तर? अमेरिकेत ‘ज्यूसबॉक्स’ चार्जर विकणाऱ्या एनेल एक्स वे कंपनीने ऑक्टोबर २०२४ मध्ये तेथील कारभार बंद करीत असल्याचे जाहीर केले. घरगुती चार्जर गाडीला वीज देत राहतील, परंतु अ‍ॅपचा आधार संपेल, असे तिने कळविले. साहजिकच, स्वस्त विजेची वेळ साधणे, विजेच्या वापराची नोंद ठेवणे, या अ‍ॅपवर विसंबलेल्या सोयी धोक्यात आल्या. म्हणून चार्जर घेतेवेळी गृहस्थाने अवश्य विचारावे : इंटरनेट तुटले, कंपनी उठून गेली, तरी हा चालेल काय? ‘ओसीपीपी’ ही खुली संकेतप्रणाली पाळणारा चार्जर दुसऱ्या सेवेशी जोडता येण्याचा संभव असतो, हेही ध्यानी ठेवावे.