फक्त पहिल्या इनिंगवर पैज, बेसबॉलमधलं हे ‘नर्फी’ प्रकरण काय आहे ?

बेसबॉलची मॅच सुरू होऊन पंधरा-वीस मिनिटं झालेली असतात. अजून आठ इनिंग बाकी असतात. पण अमेरिकेतल्या कित्येकांची मॅच तिथंच संपते. कारण त्यांनी पैसे लावलेले असतात ते फक्त पहिल्या इनिंगवर.

या पैजेचं नाव ‘नो रन फर्स्ट इनिंग’. बोलताना त्याचं ‘नर्फी’ झालंय. पहिल्या इनिंगमध्ये दोन्ही टीमना एकही रन काढता आला नाही, तर नर्फीवाला जिंकतो. एक जरी रन निघाला तर समोरचा ‘यर्फी’वाला. आपल्याकडं पहिल्या सहा ओव्हरवर सट्टा लागतो, तसलाच हा प्रकार.

आता तुम्ही म्हणाल, सुरुवातीला पिचर ताजातवाना असतो, मग रन कुठून निघणार ?

तर बेसबॉलमध्ये तीन जण आऊट झाले की बाजू बदलते आणि पुढच्या इनिंगला उरलेल्या क्रमापासून सुरुवात होते. टीमचे तगडे बॅटर हमखास सुरुवातीला येतात ते पहिल्याच इनिंगला. म्हणून सरासरी बघितली तर याच इनिंगमध्ये सगळ्यात जास्त रन निघतात.

तरी एका टीमला पहिल्या इनिंगमध्ये भोपळा मिळण्याची शक्यता ७० टक्क्यांच्या आसपास असते. आपण ७२ धरू. पण नर्फीसाठी दोन्ही टीमना भोपळा हवा. ७२ टक्क्यांचे ७२ टक्के म्हणजे जेमतेम ५२. थोडक्यात, छापा-काटा.

खरी गोम पुढं आहे. अशा पैजेत १०० डॉलर जिंकायला साधारण ११० डॉलर लावावे लागतात. समजा १०० पैजांपैकी तुम्ही ५२ जिंकलात, तर ५२०० डॉलर आले. ४८ हरलात, तर ५२८० गेले. जास्त वेळा जिंकूनही ८० डॉलरचा खड्डा. हा फरक कंपनीच्या खिशात जातो.

२०१८ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं सट्ट्यावरचा १९९२ चा कायदा रद्द केला. तेव्हापासून एकेका राज्यात हा धंदा कायदेशीर होत गेला आणि मोबाईलवर आला.

पण छोट्या पैजेत मोठी भीती असते. अख्खी मॅच हरवायला बरेच जण फोडावे लागतात, एका बॉलसाठी एकटा पिचर पुरतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये क्लीव्हलँडच्या दोन पिचरवर सट्टेबाजांसाठी ठरवून बॉल टाकल्याचा आरोप झाला. दोघांनी तो नाकारला. पण त्यानंतर एका बॉलवरच्या पैजेला २०० डॉलरची मर्यादा घालण्यात आली.

पहिल्या इनिंगचं आणि सट्ट्याचं नातं तसं जुनंच. १९१९ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये शिकागोच्या एडी सिकॉट या पिचरनं पहिल्याच इनिंगमध्ये पहिल्याच बॅटरच्या अंगावर बॉल मारला. मॅच फिक्स असल्याचा तो सट्टेबाजांना इशारा होता. त्या प्रकरणात आठ खेळाडूंवर आजन्म बंदी आली.

भारतात तर पैसे लावून खेळायच्या ऑनलाईन गेमवर २०२५ च्या कायद्यानं बंदीच आहे. तेव्हा ‘आजची खात्रीची नर्फी’ सांगणारी रील दिसली, तर ते ८० डॉलर तेवढे आठवा.