रविवारी खेळ बंद, नोहाचे तारू चालू

रॉबर्ट रेक्स हा इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरचा वर्तमानपत्रवाला. १७८० मध्ये त्याने तिथे रविवारची शाळा काढली. रविवारच का? तर गरिबांची पोरे बाकीचे सहा दिवस कामाला जुंपलेली. काही टाचण्यांच्या कारखान्यात. शिकवायचे वाचन, पुस्तक बायबल. गोष्टी ओघानेच आल्या. पुढे लिखाणावरून वाद पेटला. रविवारी काम वर्ज्य, आणि अक्षरे गिरवणे हेही कामच, असे मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या कित्येक धुरीणांचे म्हणणे. इंग्लंडमधल्याच स्टॉकपोर्टच्या अवाढव्य रविवार शाळेने मात्र लेखन शिकवलेच.

घरी निराळीच तऱ्हा. व्हिक्टोरियन काळातल्या कडक घरांत रविवारी खेळणी कपाटात जात. अपवाद नोहाच्या तारवाचा, महापुरात प्राण्यांच्या जोड्या वाचवणाऱ्या त्या नावेचा, कारण ती गोष्ट बायबलातली! (पळवाट पोरांनी शोधली की आयांनी, कोण जाणे.) लाकडी तारवाचे छप्पर उचलले की आत हत्ती, उंट, सिंह जोडीजोडीने. यातली पुष्कळशी तारवे जर्मनीतल्या एर्झगेबिर्ग या डोंगराळ भागातून येत. तिथल्या झायफेन गावचे कारागीर लाकडाचे गोल कडे लेथवर असे कातत, की केकसारखे काप पाडले की प्रत्येक कापाला प्राण्याचा आकार असे. मग थोडे कोरकाम, रंग, की झाला हत्ती तयार.