थंडीत माती उघडी नको

दसरा उलटला की रायगडच्या किनाऱ्यावरच्या आगरदांड्याच्या परसांत कुदळी बाहेर पडतात. भात कापणीला आलेलं असतं, विहिरींना भरपूर पाणी असतं आणि घरामागे मुळा, लाल माठ, वांगी, मिरची यांचे वाफे ओढायची घाई असते. थंड देशांतले बागवाले याच सुमारास जमीन झाकून ठेवतात, कारण तिकडे माती गोठते. आपल्याकडे हिम नाही, त्यामुळे थंडीत मातीला जपायचं असतं हेच कोणाच्या मनात येत नाही. माझ्या मते किनाऱ्यावरच्या भाजीच्या मातीची खरी हानी सुरू होते ती याच दिवसांत, ऊन आणि मीठ यांच्यामुळे.

रायगडच्या किनारी तालुक्यांत वर्षाला साधारण 3000 मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो बहुतेक सगळा चार महिन्यांत. राजपुरी खाडीकाठच्या खारजमिनीतलं मीठ या पावसाने धुऊन खाली जातं, म्हणून तिथे भात होतं. पाऊस थांबला की उलटा प्रवास सुरू होतो. वरची माती उन्हाने आणि वाऱ्याने सुकते, मातीच्या बारीक पोकळ्यांतून खालचं पाणी वर ओढलं जातं, हवेत उडून जातं आणि सोबत आणलेलं मीठ वरच ठेवून जातं. पौष-माघात खाडीलगतच्या उघड्या तुकड्यावर वाकून पाहा. ढेकळांच्या कडांना पांढरी बुरशी आल्यासारखं दिसतं. बोटाने खरवडलं की पापडी सुटते. तिच्याखाली इंचभरावर माती अजून ओली असते, पण बी त्या पापडीतच पेरलेलं असतं.

भाज्यांना किती मीठ सोसतं? प्रयोगशाळेत मातीच्या अर्काची विद्युतवाहकता मोजतात. ती 4 डेसीसायमन प्रति मीटरच्या वर गेली की जमीन खारवट म्हणतात. पण फरसबीचं उत्पन्न 1 च्या पुढेच घटू लागतं, वांगं आणि कांदा त्याच्या जरासेच पुढे, पालक 2 पर्यंत टिकतो, बीट 4 पर्यंत. म्हणजे अहवालात जमीन ठीक आली तरी वांगी खुरटू शकतात, आणि आपण मात्र रोपवाल्याला दोष देतो.

उपाय दारातच पडलेला असतो. वाफसा असताना हलकी खणणी करून कुजलेलं शेणखत मिसळावं. चिखल असताना कुदळ घातली तर चिकण मातीची ढेकळं दगडासारखी वाळतात. रोपं मूळ धरताच वाफ्यावर चार बोटं जाडीचा थर द्यावा: भाताचा पेंढा, आंब्या-फणसाचा पाचोळा, चिरलेल्या झावळ्या. बुंध्याभोवती थोडी जागा मोकळी सोडावी, नाहीतर खोड कुजतं. ऊन मातीला लागलं नाही की पाणी कमी उडतं आणि मीठ वर येण्याचा वेग मंदावतो. नारळाची सोडणं वाफ्यांमधल्या चरात पुरली तर तीही ओल धरून ठेवतात.

आणि म्हणूनच संध्याकाळी अंगणातला पाचोळा गोळा करून पेटवलेला पाहिला की मला वाईट वाटतं. भाताच्या रोपांसाठी राब भाजतात त्याचं कारण वेगळं; इथे आपण फुकटचं पांघरूण जाळतो. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळाने मुरूड-श्रीवर्धनच्या वाड्यांतल्या नारळी-पोफळी आडव्या केल्या. जिथे सावली गेली तिथली माती आता दिवसभर उन्हात तापते, तिला या पाचोळ्याची गरज पूर्वीपेक्षा जास्त आहे.

राखेचंही सरसकट ठरवू नये. डोंगराकडची जांभ्याची माती आम्ल असते, तिथे मूठभर राख उपकारक ठरते. खाडीकडच्या वाफ्यात तीच राख आधीच जास्त असलेल्या क्षारांत भर घालते. एकाच गावात दोन शेजाऱ्यांचे सल्ले उलटे असू शकतात आणि दोघेही बरोबर असू शकतात. तीच गत जिप्समची: ते चोपण, म्हणजे सोडियम जास्त झालेल्या, जमिनीचं औषध आहे. नुसत्या खारवट जमिनीला गोडं पाणी आणि निचरा लागतो. कोकण कृषी विद्यापीठाचं खार जमीन संशोधन केंद्र पनवेलला आहे. जिप्समच्या पिशव्या विकत घेण्याआधी माती तपासून घ्यावी.

पाणी देण्याची पद्धतही बदलावी लागते. सरी-वरंब्यात मीठ वरंब्याच्या माथ्यावर गोळा होतं, म्हणून रोप माथ्यावर न लावता उतारावर, मध्याशी लावावं. रोज वरवर शिंपडल्याने मीठ जागचं हलत नाही. दोन पाण्यांत अंतर ठेवून मुरेल इतकं द्यावं. माघानंतर विहीर मचूळ होऊ लागली तर मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरून त्यात पाणी भरावं. त्यातून पाझरणारी ओल थेट मुळाशी जाते. कर्नालच्या केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेने खारट पाण्यावर भाज्या घेण्यासाठी ही पद्धत अभ्यासली आहे.

एक काम मात्र एकट्या घराचं नाही. खाडीचं पाणी अडवणाऱ्या बांधाला, म्हणजे खारबंदिस्तीला, खांड पडली किंवा त्यातल्या पाणी सोडायच्या दाराची, म्हणजे उघाडीची, झडप कुजली तर अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाची भरती सरळ आत शिरते, आणि मग पेंढा काय करणार? खारजमिनींसाठी 1948 मध्ये आणि पुन्हा 1979 मध्ये कायदे झाले, पण झडपेतून पाणी गळतंय हे आधी दिसतं ते बांधावरून रोज जाणाऱ्यालाच. बी पेरण्याआधी, कार्तिकातल्या एखाद्या ओहोटीला, चारजणांनी मिळून उघाडी पाहून यावी आणि गळत असेल तर तेव्हाच लेखी तक्रार द्यावी. पौषात दिलेल्या तक्रारीने त्या हंगामाची वांगी वाचत नाहीत.