संत स्त्रियांची आत्मनिवेदने आणि मानवी दोषांचा प्रश्न

संतचरित्रकाराचा मुख्य हेतू वाचकाच्या ठिकाणी श्रद्धा उत्पन्न करणे हा असतो. त्यामुळे चरित्रविषयाचे दोष तो बहुधा गाळतो, किंवा त्यांना लीलेचे रूप देतो. संत स्त्रीने स्वतः लिहिलेले आत्मनिवेदन मात्र याहून भिन्न प्रतीचे साधन होय. त्यात आळस, त्रागा, भय, संसाराची ओढ यांच्या नोंदी सापडतात. या नोंदींचा अर्थ कसा लावावा, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. विवेचनासाठी दोन कॅथलिक संत स्त्रिया आणि एक वारकरी संत कवयित्री यांची उदाहरणे घेतली आहेत.

स्पेनमधील आविला येथील संत तेरेसा (१५१५–१५८२) यांनी आपले चरित्र धर्मगुरूंच्या आज्ञेवरून लिहिले; त्याचे उपलब्ध रूप १५६५ च्या सुमारास पूर्ण झाले. बालपणी वडिलांच्या नकळत वाचलेल्या वीरकथा, नटण्यामुरडण्याची हौस आणि मठात आल्यावरही भेटीस येणाऱ्यांशी गप्पांत घालविलेला वेळ, हे सारे त्यांनी नमूद केले आहे. वर्षाहून अधिक काळ त्यांनी अंतःप्रार्थना सोडून दिली होती. प्रार्थनेस बसल्यावर घड्याळाचा ठोका केव्हा पडतो याकडे आपले कान लागलेले असत, हेही त्या सांगतात. पुढे याच तेरेसांनी १५६२ साली सुधारित मठाची स्थापना केली.

फ्रान्समधील लिझ्यू येथील संत तेरेझ (१८७३–१८९७) यांचे जीवन बाह्यतः अत्यंत सामान्य होते. पंधराव्या वर्षी मठप्रवेश, चोविसाव्या वर्षी क्षयाने मृत्यू. प्रार्थनेच्या वेळी येणारी डुलकी, शेजारी बसणाऱ्या भगिनीच्या सततच्या आवाजाने होणारा जाच, कपडे धुताना अंगावर उडणारे घाण पाणी, अशा क्षुल्लक प्रसंगांतच त्यांची साधना चाले. त्यांच्या मृत्यूनंतर वडील भगिनीने हस्तलिखितात पुष्कळ फेरफार करून १८९८ साली ते प्रसिद्ध केले. १९२५ साली त्यांना संतपद मिळाले, तेव्हा जगापुढे हाच संस्कारित पाठ होता. मूळ पाठ प्रसिद्ध झाला तो १९५६ साली.

आता आपल्या प्रदेशाकडे वळू. छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) जिल्ह्यातील पिशोर ज्या कन्नड तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातील देवगाव हे संत बहिणाबाईंचे (१६२८–१७००) जन्मस्थान होय. तिसऱ्या वर्षी त्यांचा विवाह तीस वर्षांच्या बिजवराशी झाला. पुढे कुटुंबास गाव सोडावे लागले. कोल्हापुरास असताना एका वासराचा त्यांना विलक्षण लळा लागला. ते कीर्तनासही त्यांच्याबरोबर जाई. या प्रकाराचा गवगवा झाला आणि पतीने त्यांना मारहाण केली. तुकोबांचा स्वप्नानुग्रह झाल्यावर पतीचा रोष अधिकच वाढला, कारण ब्राह्मण स्त्रीने शूद्र गुरू करावा हे त्यास असह्य होते. गरोदर पत्नीस सोडून जाण्याचे त्याने ठरविले, तेव्हा बहिणाबाईंचे मन डळमळले. अदृश्य उपास्यासाठी प्रत्यक्ष संसारसुख का दवडावे, असा विचार त्यांनी आपल्या अभंगात निःसंकोच मांडला आहे.

या सर्व नोंदींना सरसकट ‘दोष’ म्हणणे शास्त्रशुद्ध होणार नाही. त्यांत निदान तीन प्रकार संभवतात. पहिला, स्वभावदोष: तेरेसांची गप्पांची आवड या वर्गात मोडते. दुसरा, परिस्थितीने आलेली दुर्बलता: बहिणाबाईंचे डळमळणे हे परित्यागाच्या भयातून आले आहे, श्रद्धेच्या अभावातून नव्हे. तिसरा, समाजाने माथी मारलेला दोष: स्त्रीजन्मामुळे वेदाचा अधिकार नाही, याबद्दल बहिणाबाई जी खंत व्यक्त करतात तिच्यात त्यांचा अपराध कोणताच नाही. तेरेसाही स्वतःस वारंवार अधम स्त्री म्हणवितात. परंतु धर्मगुरूंनी तपासावयाच्या ग्रंथात स्त्रीने अशी भाषा वापरणे संरक्षणाचेही साधन होते, हे विसरता येत नाही.

कॅथलिक परंपरेत संतपदासाठी विधिवत् चौकशी होते. तीत असामान्य कोटीचे सद्गुण पाहिले जातात, जन्मजात निर्दोषत्वाची अट नसते. वारकरी परंपरेत अशी चौकशी नाही. लोकस्मृती आणि अभंग हेच तिचे निर्णायक. दोन्हींकडे धोका मात्र एकच आहे: सद्भावनेने केलेली साफसफाई. तेरेझ यांच्या पाठात तिने काय होते ते आपण पाहिलेच. बहिणाबाईंना केवळ आदर्श पतिव्रता ठरविले, तर मारहाण, भय व आंतरिक संघर्ष लुप्त होतात, आणि त्यांनी निर्भयपणे लिहून ठेवलेले सत्यच आपण नाकारतो.

म्हणून पिशोर, देवगाव व शिऊर या टापूत संशोधनार्थ हिंडणाऱ्या विद्यार्थ्याने तेथे ऐकलेली प्रत्येक आख्यायिका बहिणाबाईंच्या अभंगांशी ताडून पाहावी. जेथे आख्यायिका गप्प बसते आणि अभंग बोलतो, तेथे अभ्यासकाने थांबले पाहिजे.