रुग्णालयाच्या आहारविभागातली पहिली नोकरी

रुग्णालयाच्या आहारविभागाचा दिवस सकाळच्या यादीने सुरू होतो. रात्री कोण दाखल झाले, कोणाची शस्त्रक्रिया असल्याने तो ‘एनबीएम’ आहे, म्हणजे त्याला तोंडाने काहीच द्यायचे नाही, कोणाला पातळ आहारावरून मऊ आहारावर आणायचे, कोणाचे जेवण नळीवाटे जाणार, ही सगळी माहिती वॉर्डांतून गोळा होते आणि तिच्यावरून स्वयंपाकघराला दिवसाचा हिशेब मिळतो. या यादीतली एक खूण चुकली तर मधुमेहाच्या रुग्णापुढे गोड शिरा येतो किंवा शस्त्रक्रियेला निघालेल्याला चहा-बिस्कीट मिळते आणि त्याची शस्त्रक्रिया पुढे ढकलावी लागते. आहारशास्त्राची पदवी घेऊन नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलामुलींच्या हाती बहुतेक ठिकाणी हीच यादी पहिल्यांदा येते. त्यामुळे रुग्णालयातली पहिली नोकरी शोधताना तिचे काम नेमके काय, हे आधी समजून घ्यावे लागते.

कामाची जागा आणि पदे

पहिल्या पायरीवरची पदे साधारण तीन प्रकारची असतात. पहिला प्रकार वॉर्डातला: ट्रेनी किंवा ज्युनिअर डायटिशियन. त्यांनी नव्या रुग्णाची उंची, वजन, अलीकडे घटलेले वजन, भूक आणि खाण्याच्या सवयी नोंदवायच्या असतात. कुपोषणाचा धोका ओळखण्यासाठी ठरावीक प्रश्नावली असते आणि रुग्ण दाखल झाल्यापासून २४ तासांत ती भरण्याची पद्धत अनेक रुग्णालये पाळतात. दर्जाचे ‘एनएबीएच’ मानांकन घेणाऱ्या रुग्णालयांना रुग्णाच्या पोषणाची तपासणी आणि नोंद दाखवावी लागते. त्यामुळे अशा रुग्णालयांत या कामाला माणसे लागतातच.

दुसरा प्रकार स्वयंपाकघरातला: फूड सर्व्हिस किंवा किचन सुपरवायझर. पुष्कळ रुग्णालयांनी स्वयंपाकघर केटरिंग कंपन्यांकडे सोपवलेले असते, तेव्हा नोकरी कंपनीची आणि काम रुग्णालयातले, अशी स्थिती असते. शिजलेले गरम अन्न ६० अंश सेल्सिअसच्या वर आणि थंड पदार्थ ५ अंशांच्या खाली ठेवणे, कच्चे आणि शिजलेले वेगळे ठेवणे, ट्रॉलीतल्या प्रत्येक ताटावरची चिठ्ठी वॉर्डाच्या यादीशी ताडून पाहणे ही इथली रोजची जबाबदारी. तिसरा प्रकार समुपदेशनाचा: मधुमेह, मूत्रपिंडविकार, प्रसूती किंवा स्थूलतेच्या बाह्यरुग्ण विभागात रुग्णाला आणि घरच्यांना आहार समजावून सांगणे. समुपदेशनाचे पद कानाला सर्वांत चांगले वाटते. पण वॉर्ड आणि स्वयंपाकघर पाहिलेली व्यक्तीच ते नीट सांभाळते.

याचे कारण दुपारी परत येणाऱ्या ताटांत दिसते. एखाद्या वृद्ध रुग्णाच्या ताटात चपाती तशीच, भाजी चिवडलेली आणि वरणाची वाटी तेवढी रिकामी असते. विचारपूस केल्यावर कळते की कवळी घरीच राहिली आहे. आहारपत्रकावर १,८०० किलोकॅलरी लिहिलेल्या असतात, पोटात मात्र त्याच्या निम्म्याही गेलेल्या नसतात. संध्याकाळपासून गुरगुट्या भात, मऊ खिचडी, दुधात कुस्करलेली भाकरी दिली की तेच आजोबा ताट संपवतात. ही गोष्ट रक्ताच्या अहवालात सापडत नाही. ती ताट उचलणाऱ्या मावशींना ठाऊक असते आणि त्यांना विचारणाऱ्या नव्या आहारतज्ज्ञाला कळते.

शिक्षण, इंटर्नशिप आणि नोंदणी

या क्षेत्राची वाट बहुधा गृहविज्ञान किंवा अन्न आणि पोषण या विषयांतल्या पदवीतून जाते. महाराष्ट्रात मुंबईचे एसएनडीटी महिला विद्यापीठ, निर्मला निकेतनचे गृहविज्ञान महाविद्यालय, नागपूरचे लेडी अमृतबाई डागा महाविद्यालय अशा संस्थांनी हे शिक्षण दीर्घकाळ दिले आहे. पदवीवर स्वयंपाकघरातले किंवा साहाय्यकाचे काम मिळू शकते. वॉर्डात स्वतंत्र जबाबदारीसाठी मात्र डायटेटिक्समधली पदव्युत्तर पदविका किंवा एमएस्सी बहुतेक मोठी रुग्णालये मागतात. काही आठवड्यांच्या ऑनलाइन प्रमाणपत्रावर रुग्णालयात प्रवेश मिळेल, अशी आशा कोणी दाखवली तर ती धरू नये.

शिक्षणानंतरची कळीची पायरी म्हणजे इंटर्नशिप. १९६३मध्ये स्थापन झालेली इंडियन डायटेटिक असोसिएशन ‘रजिस्टर्ड डायटिशियन’ म्हणजे आरडी ही परीक्षा घेते. तिच्यासाठी पदव्युत्तर शिक्षणाबरोबर रुग्णालयातली सहा महिन्यांची इंटर्नशिप लागते. परीक्षा लगेच द्यायची नसली तरी इंटर्नशिप निवडताना तिच्या अटी आधी वाचाव्यात. नाहीतर सहा महिने राबूनही ते ग्राह्य धरले जात नाहीत. इंटर्नशिपचे रुग्णालय शक्यतो असे असावे जिथे अतिदक्षता, मूत्रपिंड, कर्करोग, बालरोग असे वेगवेगळे विभाग फिरून पाहता येतील.

कायद्याची बाजूही आता बदलली आहे. २०२१च्या ‘नॅशनल कमिशन फॉर अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स’ कायद्याने आहारतज्ज्ञ आणि पोषणतज्ज्ञ यांना आरोग्य व्यावसायिकांच्या यादीत स्थान दिले आणि त्यांच्यासाठी केंद्राच्या व राज्यांच्या नोंदवह्यांची तरतूद केली. मान्यताप्राप्त संस्थेतून घेतलेल्या पदवीचे मोल यामुळे वाढते, म्हणून प्रवेश घेतानाच संस्थेची मान्यता तपासून घ्यावी.

नोकरी कुठे शोधावी

खासगी रुग्णालयांत पहिल्या पायरीच्या सगळ्याच जागांची जाहिरात निघत नाही. इंटर्नपैकी चांगले काम करणाऱ्याला ठेवून घेतले जाते, किंवा आहारविभागाच्या प्रमुख ओळखीच्या महाविद्यालयात विचारणा करतात. म्हणून अर्ज मनुष्यबळ विभागाला पाठवताना त्याची एक प्रत आहारविभागाच्या प्रमुखांकडेही द्यावी. १ ते ७ सप्टेंबरचा राष्ट्रीय पोषण सप्ताह आणि १० जानेवारीचा डायटेटिक्स दिन या काळात रुग्णालयांत प्रदर्शने, व्याख्याने होतात. तिथे मदत करणाऱ्या विद्यार्थ्यांची विभागातल्या लोकांशी ओळख सहज होते.

सरकारी बाजूला महापालिका रुग्णालये, वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये, सार्वजनिक आरोग्य विभाग आणि राष्ट्रीय आरोग्य अभियान असे वेगवेगळे दरवाजे आहेत. कायम पदांच्या भरत्या कमी आणि दूरदूरच्या अंतराने निघतात. अभियानातली पदे कंत्राटी असतात आणि त्यांच्या जाहिराती जिल्हा परिषदेच्या किंवा अभियानाच्या संकेतस्थळावर येतात. अर्जाची मुदत थोडी असते, म्हणून गुणपत्रिका, अनुभवपत्र, जातप्रमाणपत्र आधीच तयार ठेवणे हिताचे.

याच व्यवस्थेतला एक मोलाचा विभाग म्हणजे पोषण पुनर्वसन केंद्र. तीव्र कुपोषित बालकांना इथे साधारण दोन आठवडे आईसह ठेवून उपचार करतात. सहा महिने ते पाच वर्षांच्या बालकाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी असणे ही तीव्र कुपोषणाची एक खूण. सुरुवातीला ‘एफ-७५’ हे दूध देतात. त्याच्या १०० मिलिलिटरमध्ये ७५ किलोकॅलरी असतात आणि प्रथिने मुद्दाम कमी ठेवलेली असतात, कारण थकलेले यकृत, मूत्रपिंड आणि हृदय एकदम भार सोसत नाही. बाळ सावरले की १०० किलोकॅलरीचे ‘एफ-१००’ सुरू होते. या केंद्रातली पोषण समुपदेशक दूध मोजून देते, वजनाची नोंद ठेवते आणि घरी परतल्यावर काय शिजवावे हे आईला करून दाखवते. आदिवासी भागात राहण्याची तयारी असलेल्याला इथे वर्षभरात जे शिकायला मिळते, ते शहरातल्या चकचकीत क्लिनिकमध्ये मिळत नाही.

मुलाखतीत काय विचारतात

मुलाखतीत व्याख्यांपेक्षा उदाहरणे जास्त असतात. समजा, डायलिसिसवर असलेला ६० किलो वजनाचा शाकाहारी रुग्ण आहे. डायलिसिसमध्ये प्रथिनांचा ऱ्हास होत असल्याने त्याला दर किलोमागे सुमारे १ ते १.२ ग्रॅम, म्हणजे दिवसाला ६० ते ७२ ग्रॅम प्रथिने हवीत. ३० ग्रॅम कोरड्या तूरडाळीच्या वाटीभर वरणातून मिळतात साडेसहा ग्रॅमच्या आसपास. नुसत्या डाळीवर हा आकडा गाठायचा तर नऊ ते अकरा वाट्या लागतील आणि त्यांबरोबर पोटॅशियम, फॉस्फरसही वाढेल. मग पनीर किती, दही किती, भाजीतले पोटॅशियम कमी करण्यासाठी ती चिरून भरपूर पाण्यात उकडून पाणी ओतून टाकायचे हे घरच्यांना कसे सांगायचे, रुग्ण अंडे खात असेल तर अंड्याचा पांढरा भाग का सुचवायचा, असे प्रश्न पुढे येतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७मध्ये प्रसिद्ध केलेली भारतीय अन्नघटकांची कोष्टके हाताळायची सवय असली की ही गणिते सुटतात.

रुग्णाचे घर समजून घेणे तितकेच महत्त्वाचे असते. इन्शुलिन घेणाऱ्या आजी एकादशी सोडणार नसतील, तर त्यांना उपवास मोडा असे सांगून काम होत नाही. डॉक्टरांशी बोलून औषधाची वेळ आणि मात्रा ठरवून घ्यावी लागते आणि साबुदाण्याऐवजी भगर, दही, काकडी अशा पर्यायांची थोडी थोडी मात्रा बसवावी लागते. कंदमुळे न खाणारे जैन कुटुंब, रात्रपाळीचा कामगार, परगावाहून येऊन धर्मशाळेत राहणारे नातेवाईक, प्रत्येकाची चूल वेगळी असते. डिस्चार्जच्या दिवशी हाती दिलेला आहारतक्ता त्या चुलीवर शिजणारा हवा.

रुजू होण्यापूर्वी

नेमणूकपत्र लेखी घ्यावे. विद्यावेतन की पगार, ड्यूटीचे तास, रविवार आणि सणांच्या पाळ्या, प्रशिक्षणाचा कालावधी आणि शेवटी मिळणारे अनुभवपत्र या गोष्टी त्यात स्पष्ट असाव्यात. पगार सुरुवातीला कमी असतो, हे खरे. पण कोणत्याही मोबदल्याशिवाय महिनोन्‌महिने पूर्ण ड्यूटी करून घेणारी जागा अनुभवाच्या नावाखाली स्वीकारू नये. विशिष्ट कंपनीची प्रथिनांची पावडर प्रत्येक रुग्णाला खपवण्याची सक्ती असेल, तर तिथेही थांबून विचार करावा, कारण आहारतज्ज्ञाची निष्ठा रुग्णाशी असते.

दोन-तीन वर्षांच्या अनुभवानंतर मूत्रपिंड, कर्करोग, अतिदक्षता, बालरोग अशा शाखांत विशेष काम करता येते किंवा विभागाची जबाबदारी घेता येते. तिथवर पोचलेली आहारतज्ज्ञही सकाळी तीच यादी उघडते आणि दुपारी परत आलेल्या ताटांकडे पाहते. फरक एवढाच की आता त्या ताटात काय उरले आणि का उरले, हे ती पाहताक्षणी ओळखते.